हयात माणसाची गोधडी

कोणतीही वस्तू मुळात टाकाऊ नसते. ती टाकाऊ ठरवणारा माणूस तेवढा घरात हजर असावा लागतो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या घरात असा माणूस अष्टौप्रहर हजर असे, आणि तो म्हणजे खुद्द वहिनी.

वहिनींनी बँकेच्या तक्रार-निवारण खिडकीवर अर्धं आयुष्य काढून मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. समोरच्याचं म्हणणं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, आणि मग आपल्याला करायचं तेच करायचं, हे कौशल्य त्या बँकेतून घरी घेऊन आल्या. (बँकेने निरोपाला दिलेली चांदीची वाटी त्यांना आवडली नाही. तिची पुढे मेणबत्तीची ठाणवई झाली.)

सुरुवात अगदी साधी होती. शिकायला दूर गेलेल्या मुलाची एक जीनची पँट कपाटात निघाली. वहिनींनी तिचे पाय कापले, वरच्या भागाला तळ शिवला आणि भाजीची पिशवी केली. जिन्यात भेटलेल्या शेजारणीने डोळे विस्फारून विचारलं, "अय्या, विकत घेतलीत?" आपण केलेली वस्तू विकत घेतल्यासारखी दिसावी, यापरती हस्तकलेत दुसरी पदवी नाही. त्या दिवशी वहिनींना आयुष्याचा अर्थ सापडला, आणि सुट्टीत घरी आलेल्या मुलाला त्याची पँट सापडली नाही.

मग काय विचारता! शर्टाच्या बाह्या बाटल्यांना चढल्या. नेकटायांनी पडदे बांधले गेले. मोज्यांचे हत्ती झाले आणि ते हत्ती सोफ्यावर बसले. माणसं खुर्च्यांवर सरकली, खुर्च्यांवर उशा आल्यावर माणसं उभी राहिली. जुन्या बाजारातून एक लाकडी शिडी आली. तिच्यावर चढायचं नव्हतं, टॉवेल वाळत घालायचे होते. टॉवेलांनी अंग पुसायचं नव्हतं, कारण त्यांना झालर लावलेली होती. सासूबाईंच्या शिवणयंत्राचं बैठकीतलं मेज झालं. यंत्रच मेज झाल्यामुळे शिवण खालच्या शिंप्याकडे टाकावं लागे, पण घरी बनवलेल्या वस्तू घरीच बनवल्या पाहिजेत असा आग्रह धरणं कोत्या मनाचं लक्षण आहे.

वहिनींचे यजमान विमा कंपनीत सर्वेक्षक होते. आगीत, पुरात, अपघातात किती नुकसान झालं याचा अंदाज बांधणं हा त्यांचा व्यवसाय. घरी ते व्यवसाय करत नसत. वर्तमानपत्र वाचत, आणि अंगातला सदरा रात्री उशाखाली ठेवून झोपत.

एकाचं वेड दोघांत गेलं की त्याला छंद म्हणतात आणि दहांत गेलं की मंडळ. इमारतीत यथावकाश 'पुनर्वापर मंडळ' स्थापन झालं. सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असल्यामुळे तिथल्या बाई अध्यक्ष झाल्या. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई सचिव झाल्या, कारण त्यांच्या दवाखान्यात बसायला जागा होती. मंडळाच्या पहिल्या वार्षिक अहवालात म्हटलं आहे की सभासदांनी वर्षभरात दोनशे चाळीस कपडे कचऱ्यात जाण्यापासून वाचवले. (त्यांतले दोनशे तीस कचऱ्यात जाणारच नव्हते. ते अंगावर जाणार होते. पण अहवालात सगळंच लिहायचं म्हटलं तर त्याला अहवाल कोण म्हणेल?)

दुसऱ्या वर्षी भीषण टंचाई आली. इमारतीतले जुने कपडे संपले. भंगारवाला पूर्वी फाटकाशी हाळी देत असे, तो आता पलीकडच्या फुटपाथवरून मान खाली घालून जाऊ लागला. त्याच्या अंगावरच्या सदऱ्याकडे बायका ज्या नजरेने बघत ती त्याला सोसवेना. तेव्हा मंडळाने सर्वानुमते ठराव केला की नवे कपडे आणून जुने करावेत. दुकानातून कोरे शर्ट आले. ते चहाच्या पाण्यात उकळले, गच्चीच्या कठड्यावर घासले, उन्हात टाकले. चांगल्या कापडाला जुनं व्हायला पूर्वी एक माणूस आणि दहा वर्षं लागत. मंडळाने ते काम चार दिवसांवर आणलं आणि माणूस पूर्णपणे वगळला.

तिसऱ्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी अध्यक्षबाईंनी विषय जाहीर केला: 'आठवणींची गोधडी'. आपल्यात नसलेल्या प्रिय व्यक्तीच्या कपड्यांचे तुकडे जोडायचे, प्रत्येक तुकड्याखाली त्याची आठवण लिहायची. परीक्षक म्हणून एक नामवंत गृहसजावटकार यायचे होते.

वहिनी हिशेब करू लागल्या. डॉक्टरीणबाईंची आत्या नुकतीच वारली होती, तीही भरजरी कपड्यांची हौस असलेली. नशीब एकेकाचं! वहिनींची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या साड्या पहिल्या वर्षीच्या उत्साहात चहाच्या कपाखालच्या चकत्या होऊन गेल्या होत्या. बाकी घरात सगळे ठणठणीत.

त्या रात्री जेवताना वहिनी म्हणाल्या, "माणसाने आठवणी जपायला हव्या होत्या हो."

यजमानांनी पानावरून नजर न उचलता विचारलं, "कुणाच्या?"

उत्तर देण्याआधी वहिनींची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली.

मागच्या खोलीत वहिनींचे वडील राहत. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा एका मोठ्या हॉटेलात दरवान होते. हयातभर त्यांनी काचेचं दार उघडलं आणि हलकेच मिटलं. हॉटेल देखणं असल्यामुळे दरवानही देखणा लागे. कडक इस्त्री, गुळगुळीत दाढी, पितळी गुंड्यांचा गर्द निळा कोट. निवृत्तीच्या दिवशी मालकाने तो कोट त्यांना देऊन टाकला. खांद्यावरची सोनेरी फीत तेवढी काढून घेतली. अण्णा दर गुरुवारी तो कोट घालून कुठेतरी जात आणि दिवेलागणीला परत येत. कुठे जातात, हे वहिनींनी कधी विचारलं नव्हतं. वडिलांच्या खासगी गोष्टीत नाक खुपसू नये एवढी सभ्यता त्यांच्यात होती.

अडचण एकच होती, आणि ती म्हणजे अण्णा जिवंत होते. वहिनींनी ही अडचण लपवून न ठेवता मंडळापुढे मांडली. अध्यक्षबाईंनी नियम पुन्हा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि निर्णय दिला, "'आपल्यात नसलेली' असं आहे. 'आपल्यात' म्हणजे मंडळात. अण्णा मंडळात आहेत का?"

"नाहीत."

"ग्रुपवर?"

"त्यांच्याकडे साधा फोन आहे."

"मग ते आपल्यात नाहीत," अध्यक्षबाई म्हणाल्या. सभेने माना डोलावल्या. डॉक्टरीणबाईंची मान तेवढी हलली नाही. आत्याच्या मृत्यूचं असं अवमूल्यन होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी मागच्या खोलीत गेल्या. त्यांना पाहताच अण्णा उठून दार धरून उभे राहिले. मोडत नाही ती सवय.

"अण्णा, तुमचं कपाट आवरू म्हणते."

"आवर की."

"हे शर्ट किती दिवसांत घातले नसतील तुम्ही!"

"तो चौकड्याचा काल घातला होता."

"घरात ना? घरात काय, काहीही चालतं." वहिनींनी चौकड्याचा शर्ट हातावर टाकला. मग निळा पट्ट्यांचा, मग पांढरे दोन. शेवटी कोटाला हात घातला. "आणि हा?"

अण्णांनी कोटाची कॉलर सारखी केली. मग म्हणाले, "तो गुरुवारी लागतो, बाळ."

"अहो, एवढ्या उकाड्यात कोट! माणसं हसतात, अण्णा. त्यापेक्षा भिंतीवर लावू, सगळे बघतील. तुमचा मानच आहे तो."

माणसाचा मान त्याच्या अंगावर बरा की भिंतीवर, या विषयावर अण्णांचं काहीतरी मत असावं. पण उभी हयात समोरच्याला "या" आणि "जपून जा" यांपलीकडे काही न बोलता गेली होती. त्यांनी कोट हँगरवरून स्वतः काढला, खांदे झटकले आणि लेकीच्या हातावर ठेवला. जाताना दारही उघडून धरलं.

खालच्या शिंप्याने कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "कापड अजून दहा वर्षं जाईल, वहिनी."

"म्हणूनच," वहिनी म्हणाल्या.

अण्णांकडे आता दोन पायजमे उरले आणि जावयाच्या कंपनीने फुकट वाटलेला एक पिवळा टी-शर्ट. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'उद्याची काळजी आमच्यावर सोडा'. त्या गुरुवारी अण्णा कुठे गेले नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाही. वहिनींनी हे पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. या वयात उन्हातान्हात न फिरलेलंच चांगलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी वहिनी गोधडीची घडी घालत असताना अण्णा बैठकीच्या दारात येऊन उभे राहिले.

"माझा कोट पाहिजे होता. लिफ्टमन गेला."

"कुठे गेला?"

"गेला," अण्णा म्हणाले. "मघाशी फोन आला. दुपारी नेणार आहेत."

तेव्हा वहिनींना कळलं की गुरुवारी अण्णा त्यांच्या हॉटेलातल्या जुन्या लिफ्टमनकडे जात. तो कित्येक महिने अंथरुणावर होता. अण्णा त्याच्या उशाशी बसत, आणि दोघं मिळून हॉटेलात येऊन गेलेल्या माणसांच्या तऱ्हा आठवत. लिफ्टमनला दिसायचं कमी झालं होतं, पण निळा कोट ओळखू येई. गेले दोन गुरुवार तो दाराकडे तोंड करून निजला होता म्हणे.

"अरेरे," वहिनी म्हणाल्या. त्यांना खरोखरच वाईट वाटलं. "पण अण्णा, तो कोट आता कोट कुठे राहिलाय? पाठ मधोमध आहे, बाह्यांची किनार झालीय, कॉलरचं फूल. तुम्ही टी-शर्ट घाला ना, मी छान इस्त्री करून देते."

"पाठीवर 'उद्याची काळजी आमच्यावर सोडा' लिहून मयताला कसा जाऊ, बाळ?"

वहिनींना वेळ नव्हता. "यांचा एखादा शर्ट बघा," असं सांगून त्या निघाल्या. यजमान सहा फूट उंच होते आणि अण्णा दरवाजाच्या मानाने बेताचे. शिवाय यजमानांचा एकमेव शिल्लक सदरा त्या वेळी यजमानांच्याच अंगावर कचेरीत होता.

वाचनालयाच्या सभागृहात एकंदर नऊ गोधड्या लागल्या होत्या, पण गर्दी होती ती वहिनींच्या गोधडीपुढे. निळ्या कोटाची पाठ मधोमध आकाशासारखी पसरली होती. प्रत्येक तुकड्याखाली सुवाच्य अक्षरात आठवण होती. पट्ट्यांच्या शर्टाखाली लिहिलं होतं, 'आईला पहिल्यांदा भेटायला ते हाच शर्ट घालून गेले.' चौकड्याच्या शर्टाखाली, 'पहिल्या पगारातून घेतलेला.' बायका वाचत होत्या, डोळ्यांना पदर आणि रुमाल लावत होत्या, आणि टाका कोणता घातलाय हे वाकून पाहत होत्या. गृहसजावटकारांनी गोधडीपुढे बराच वेळ उभं राहून "अभाव," असं म्हटलं आणि वहीत टिपून घेतलं.

वहिनींचं दोन शब्दांचं भाषण ऐन रंगात आलेलं. "हा कोट म्हणजे त्यांचा जीव की प्राण होता," त्या सांगत होत्या. त्याच वेळी पिवळा टी-शर्ट आणि पायजमा घातलेला एक म्हातारा सभागृहाच्या मागच्या दाराने आत आला. कुणीतरी त्याला वाचनालयाचा शिपाई समजून पंखा वाढवायला सांगितलं. त्याने तो वाढवला. मग गर्दीतून वाट काढत तो गोधडीजवळ गेला आणि चष्मा लावून वाचू लागला.

"हा डोळ्याच्या ऑपरेशनला घेतला होता," तो पट्ट्यांच्या शर्टाकडे बोट करून हळूच म्हणाला.

शेजारी मुसमुसणाऱ्या बाईंनी नाक पुसत विचारलं, "तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"थोडंफार."

"कसे गेले हो?"

"अजून निघायचंय," अण्णा म्हणाले. "उशीरच झालाय."

त्यांनी दोन्ही हात वर केले, गोधडी आकड्यांवरून सोडवली, कोटाची पाठ बरोबर स्वतःच्या पाठीवर येईल अशा बेताने अंगावर घेतली आणि कडा पुढे ओढून धरल्या. दाराशी एक बाई आत येत होत्या. अण्णांनी दार उघडून धरलं, त्यांना आत येऊ दिलं, आणि मग स्वतः बाहेर पडले.

सगळ्यांनी परीक्षकांकडे पाहिलं. मग गृहसजावटकारांनी टाळी वाजवली, आणि त्यांनी वाजवल्यावर सगळ्यांनीच. "जिवंत मांडणी!" कुणीतरी म्हणालं. "काय कल्पना आहे!"

वहिनींचे गाल तापले होते; लाजेने की कौतुकाने, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. अध्यक्षबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "सुंदरच झालं. पण निकालापर्यंत वस्तू भिंतीवर पाहिजे, नियम आहे. तेवढी आणता का परत?"

वहिनी धावल्या. उंच टाचांच्या चपला घालून म्हाताऱ्याचा पाठलाग करणं वाटतं तितकं सोपं नसतं, विशेषतः तो म्हातारा ताठ चालत असेल तर. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. अण्णा कुणाकडे बघत नव्हते. एका अरुंद गल्लीत, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या घरापाशी ते थांबले.

हॉटेलातली चारपाच जुनी माणसं तिथे बसली होती: एक आचारी, एक धोबी, सामान उचलणारे दोघे. सगळे आपापले बरे कपडे घालून आले होते. आचाऱ्याने अण्णांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"कोट कुठाय रे?"

"अंगावरच आहे," अण्णा म्हणाले. "जरा पसरलाय."

कुणी हसलं नाही. धोबी उठला आणि त्याने गोधडीचा मागे घसरलेला कोपरा खांद्यावर नीट बसवला, जणू मालक आता दारात येणारच होता.

वहिनी दाराबाहेर थांबल्या. आत छोटीशी खोली, एक खाट, आणि खाटेवर लिफ्टमन. त्याच्या बायकोने त्याला हॉटेलचा गणवेश घातला होता: गर्द लाल, काळी कॉलर, बाह्यांना दुहेरी पट्टी. वर्षानुवर्षं पेटीत घडी घालून ठेवलेला. "ते म्हणायचे, वर जायचं तर गणवेशात जाईन," ती सांगत होती. "सगळी जिंदगी लोकांनाच वर नेलं."

हे ऐकून वहिनींचे डोळे भरून आले. इथे त्यांच्याबद्दल एक सत्य सांगणं भाग आहे: डोळे भरून आले असतानाही त्यांची नजर त्या दुहेरी पट्टीवरून हलली नाही. तसलं जुनं विणकाम आता कुठे मिळतं! आणि ते सगळंच्या सगळं, बाह्यांसकट, थोड्या वेळात चितेवर जाणार. त्यांच्या तोंडून एक उसासा निघाला.

अण्णांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. लिफ्टमनसाठी रडणाऱ्यांचे उसासे ते आल्यापासून ऐकत होते. हा उसासा त्यांना वेगळा ऐकू आला.

"हे नाही, पोरी," ते म्हणाले.

"मी कुठे काय म्हटलं, अण्णा?"

"म्हणाली नाहीस. पण हे नाही."

वहिनींनी मान खाली घातली. बँकेच्या खिडकीवर त्यांनी हजारो तक्रारी ऐकल्या होत्या, पण एवढी छोटी एकही नव्हती, आणि तिच्यावर मान डोलावून पुढच्याला बोलवावं तर मागे रांगही नव्हती. त्या गोधडी न घेताच परतल्या. घरी येऊन खोलीचं दार लावून खूप रडल्या, आणि त्या रडण्यात खोटं काही नव्हतं. दोन दिवस त्यांनी कात्रीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षबाई ढाल घेऊन आल्या. पहिलं बक्षीस भिंतीवरच्या रिकाम्या आकड्यांना मिळालं होतं. गृहसजावटकारांनी अभिप्रायात लिहिलं होतं की इतकी निःशब्द गोधडी त्यांनी पूर्वी पाहिली नाही. वहिनींनी ढाल आधी नको म्हटलं. मग ठेवून जा म्हटलं. (ती आता शिडीच्या तिसऱ्या पायरीवर आहे.)

अण्णा गोधडी पांघरून झोपतात. ती त्यांनी कुणाला परत दिली नाही. जुन्या बाजारातून त्यांनी कुणा अनोळखी माणसाचा करडा कोट आणला, शिंप्याकडून बाह्या आखूड करून घेतल्या, आणि गुरुवारी तो घालून ते लिफ्टमनच्या बायकोची विचारपूस करायला जातात. कपाटाला कुलूप असतं. मंडळाच्या नियमात 'आपल्यात नसलेल्या' या शब्दांनंतर कंसात 'शक्यतो' असा शब्द घातला गेला आहे, आणि पुढच्या वर्षासाठी इमारतीतल्या सात म्हाताऱ्यांची नावं आत्ताच आली आहेत. त्यांतल्या एकालाही ते माहीत नाही.

असल्या बाईला काय म्हणावं, असं सुज्ञ वाचकांच्या मनात आलंच असेल. यावं, वाचक सुज्ञ आहेत आणि त्यांच्या घरी असलं काही होत नाही. त्यांनी फक्त एवढंच करावं, जरा उठून स्वयंपाकघरात जावं, ओट्याखाली दूध उतू गेल्यावर पुसायचं जे मऊ फडकं आहे ते उलगडून पाहावं. त्याला एक खिसा असेल. तो खिसा कोणाचा, आणि त्याला विचारलं होतं का, हे आठवायचा प्रयत्न करावा. वहिनींनी कोट निदान भिंतीवर तरी लावला होता.